हसले की खाकरले

आमच्या वहिनी दुसऱ्यांचं रडणं लिहून पोट भरतात. असं सांगितलं की पाहुणे एकदम गंभीर होतात, म्हणून मी असंच सांगतो. खरं काम इतकं करुण नाही. टीव्हीवरच्या कौटुंबिक मालिका परदेशात विकल्या जातात आणि तिथे त्यांच्याखाली इंग्रजी ओळी येतात. संवादांचं भाषांतर दुसरंच कुणीतरी करतं आणि त्याचं नाव शेवटी झळकतं. वहिनींच्या वाट्याला येतात ते नुसते आवाज. ज्याला ऐकू येत नाही अशा प्रेक्षकाला कळायला हवं, की पडद्यावरच्या बाईने हुंदका दिला, उसासा टाकला, की नुसतंच नाक ओढलं. एका आवाजाला एक इंग्रजी क्रियापद, एवढाच नियम. सोबत क्रियाविशेषण चालत नाही, कारण पडद्यावर जागा नसते.

मालिकांमध्ये रडणं मुबलक असतं, त्यामुळे काम कधी कमी पडत नाही. 'क्राय' म्हणजे साधं रडणं. ते वहिनी अगदी अडल्याशिवाय वापरत नाहीत, त्यांना तो कामचुकारपणा वाटतो. 'वीप' म्हणजे डोळ्यांतून पाणी, आवाज बेताचा. 'सॉब' म्हणजे हुंदके, ज्यात श्वास तुटतो. 'व्हिंपर' ही मुसमुस. 'वेल' म्हणजे शेजारीपाजारी धावत येतील असा प्रकार. 'स्निफल'चा संबंध मुख्यतः नाकाशी. एवढ्यावर इंग्रजीचं दुकान जवळजवळ बंद होतं. इकडे मालिकेतल्या बायका ओक्साबोक्शी रडतात, हमसून हमसून रडतात, धाय मोकलतात, गळा काढतात, आणि लहान मुलं भोकाड पसरतात. "या इंग्रजांच्या घरी कुणी नीट रडत नसावं," असं वहिनी म्हणतात, आणि पुन्हा हेडफोन कानांवर चढवतात.

त्यांची खोली म्हणजे मागच्या गॅलरीला लागून असलेली अडगळ. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या उभ्या बांधल्या आहेत. आत एक टेबल, एक संगणक, आणि एक खुर्ची जिचा एक हात दादाने दुरुस्त करताना कायमचा काढून टाकला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनींचा नवरा. तो पाणीपुरवठा खात्यात आहे, आणि गळती सोडून दुसऱ्या कुठल्याही विषयावर त्याला फारसं मत नसतं.

या कामाला लागण्याआधी वहिनी एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायच्या. आतून येणाऱ्या आवाजावरून कुणाची दाढ खरंच निघतेय आणि कुणी उगाच घाबरलंय, हे त्यांना दार न उघडता कळायचं. पुढे मालिकेच्या कंपनीने परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना ती परीक्षा वाटलीच नाही. कंपनीत त्यांच्या वर एक तपासनीस बाई आहेत. त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही. त्या फक्त लाल अक्षरांत शेरे पाठवतात. सुरुवातीला पुष्कळ यायचे, हल्ली येत नाहीत. वहिनींना त्यांची थोडी आठवण येते असा माझा अंदाज आहे.

या कामाने घरात एक उपद्रव झाला. वहिनींना आता माणसं बोलतात त्याच्या आधी त्यांचे आवाज ऐकू येतात. मी दुकानातून थकून आलो, सोफ्यावर पडलो आणि हुश्श केलं, तर त्या स्वयंपाकघरातून म्हणणार, "भावजी, हा उसासा नव्हता. हे कण्हणं होतं. पाठ दाखवून या." मला पाठीची तक्रार होती हे खरं. पण ते स्वतःच्या घरात स्वतःच्या तोंडाने सांगायची संधी माणसाला मिळायला नको का?

माझं चष्म्याचं दुकान आहे, घराच्या खालीच. त्या धंद्यात मला एक गोष्ट कळली आहे. डोळे अधू झाले की माणूस मुकाट्याने दुकानात येतो, फ्रेम निवडतो, आरशात मान इकडेतिकडे करून बघतो आणि वर सवलत मागतो. कान अधू झाले की तोच माणूस साऱ्या जगावर पुटपुटण्याचा आरोप करतो. आमची आई या दुसऱ्या प्रकारातली.

आई शाळेत इंग्रजी शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतले टक्कल पडलेले पुरुष तिला बघून हातातली सिगारेट मागे लपवतात. 'से' कुठे आणि 'टेल' कुठे, 'लुक', 'सी' आणि 'वॉच' यांत बघणाऱ्याची काय काय वेगळी जबाबदारी असते, हे तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या डोक्यात उतरवलं. एक मुलगा 'हिअर' आणि 'लिसन' यांत गोंधळ करायचा. त्याला तिने महिनाभर वर्गाच्या दाराशी बसवलं होतं, म्हणजे बाहेरचं आपोआप कानावर पडेल आणि आतलं मुद्दाम ऐकावं लागेल. तो मुलगा आज माझं गिऱ्हाईक आहे. त्याला दोन्ही शब्द नीट येतात आणि आईची भीतीही वाटते.

अशा बाईच्या कानांनी हळूहळू काम सोडलं, आणि तिने ते कबूल करायचं साफ नाकारलं. आधी घरातले सगळे पुटपुटू लागले. मग टीव्हीवरचे लोक. मग दाराची घंटा बिघडली, ती आम्ही तीनदा बदलली. मग ती फोन घेईनाशी झाली. "कोण एवढं महत्त्वाचं बोलतं हल्ली," असं तिचं म्हणणं.

तिची एक जुनी मैत्रीण होती, त्याच शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. रोज संध्याकाळी यायच्या. आई त्यांचं सगळं बोलणं मान डोलावत ऐकायची, म्हणजे ऐकल्यासारखं करायची. त्या हसल्या की हसायची, त्यांनी भुवया चढवल्या की "काय सांगतेस!" म्हणायची. ते पुष्कळ दिवस निभलं. एकदा त्यांनी, चेहऱ्यावर काही न दाखवता, आपली बहीण गेल्याचं सांगितलं. आई प्रसन्नपणे म्हणाली, "छान झालं." चित्रकलेच्या बाई चहा अर्धा ठेवून उठल्या. पुन्हा आल्या नाहीत. आईला आम्ही कारण सांगितलं, खुणा करून, ओरडून, शेवटी कागदावर लिहून. तिने कागद वाचला, घडी केली आणि म्हणाली, "ती नेहमीच तोंडातल्या तोंडात बोलायची." मग आत जाऊन झोपली. त्या दिवशी ती जेवली नाही.

शेवटी वहिनींनी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो, कारण आई रिक्षातून उतरून परत येण्याची शक्यता होती. तिथे एका काचेच्या खोलीत बसवतात, कानांत बारीक आवाज सोडतात, आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. आईने सगळी बटणं अचूक दाबली. यंत्र चालवणारी मुलगी चकित झाली. म्हणाली, यांचे कान विशीतले आहेत. वहिनी बाहेरून बघत होत्या. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की जरा आजींची खुर्ची भिंतीकडे वळवा. आई त्या मुलीचा हात बघून बटण दाबत होती. हात हलला की बटण. खुर्ची वळवल्यावर आईने एकही बटण दाबलं नाही आणि परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं म्हणून निषेध नोंदवला.

कानात घालायचं यंत्र आलं. चांगलं होतं, इवलंसं, केसांखाली दिसणारही नाही असं. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, की लवकरात लवकर वापरायला लागा. कान म्हणजे नुसती भोकं नसतात, मागे मेंदूही असतो. ओळखीचे आवाज फार दिवस पोचले नाहीत की त्याची सवय सुटते, आणि मग यंत्रातून आले तरी ओळख पटेलच असं नाही. आईला हे ऐकू गेलं नाही, कारण डॉक्टरांची मान खाली होती. वहिनींनी घरी आल्यावर ते तिला मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. आईने त्यातली एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि यंत्र डबीसकट कपाटात गेलं. आम्ही विनवण्या केल्या, दादा रागावला, मी अबोला धरून पाहिला. अबोल्याचा उपयोग होणार नाही हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग एक दिवस आई मालिका बघताना टीव्हीवर त्या परदेशी प्रेक्षकांसाठीच्या इंग्रजी ओळी लावून बसली. "हिच्या चुका तपासते," म्हणाली. आम्हाला सगळ्यांना खरं कारण कळलं.

तिथून या घरात रोज एक भांडण सुरू झालं. त्याचा मी एकुलता एक नियमित प्रेक्षक. मालिकेतली सून दारात उभी राहून काहीतरी भयंकर बघते. खाली येतं, 'गॅस्प'. आई रिमोट दाबून चित्र थांबवायची.

"चूक. हे 'साय' आहे, उसासा. खांदे बघ तिचे, पडलेत."

"आई, श्वास आत गेलाय," वहिनी तिच्यासमोर बसून ओठ नीट हलवत सांगायच्या. "आत गेला की 'गॅस्प'. बाहेर आला असता तर 'साय'."

"चेहरा दमलेला आहे."

"चेहरा दमलेला आहे, श्वास दचकलेला आहे."

"मी शाळेत तुला सातच मार्क दिले असते."

"कितीपैकी?"

हे आईला कळायचं नाही, किंवा कळून ती उत्तर द्यायची नाही. ती बघून ठरवायची, वहिनी ऐकून. कधी हसण्यावरून जुंपायची. खलनायिका हसली की वहिनी 'स्निगर' लिहायच्या, कारण ते हसू दातांमागे दाबलेलं होतं. आईला तिचं तोंड उघडं दिसायचं, म्हणून तिचा आग्रह 'लाफ'चा. वहिनी कधीही माघार घ्यायच्या नाहीत. सुनेने सासूपुढे थोडं नमतं घ्यावं असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि सासूलाही तसं वाटलं नाही, कारण नमतं घेतलं असतं तर भांडण संपलं असतं. दिवसभरात आईशी कुणी पुरं वाक्य बोलायचं ते याच वेळी. मला संशय आहे की वहिनी अधूनमधून मुद्दाम एखादं घोटाळ्याचं क्रियापद ठेवत. मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दुकानात जाऊन काचा पुसल्या.

आता बाबांचं सांगायला हवं. बाबा दादाच्या लग्नाआधीच गेले. वहिनींनी त्यांना कधी पाहिलं नाही. बाबा फोटोंत आहेत, पण हलते-बोलते ते एकाच ठिकाणी. दादाने पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला होता, त्याने घेतलेलं दोन-अडीच मिनिटांचं चित्रण. त्यातला बराच भाग दादाच्या अंगठ्याचा आहे. अंगठा सरकला की दिसतं, की आई जेवणाच्या टेबलाशी बसून पेपर तपासतेय आणि बाबा जमिनीवर मांडी घालून टेबलफॅन उघडून बसलेत, कॅमेऱ्याकडे पाठ करून. पंखा मधूनच घरघरतो. आई एका मुलाचा पेपर मोठ्याने वाचते. त्या मुलाने निबंधात लिहिलं होतं, की माझे वडील रोज सकाळी वर्तमानपत्र 'वॉच' करतात आणि आई वडिलांना 'वॉच' करते. आई वर न बघता म्हणते, "पहिलं चूक. दुसरं बरोबर." त्यावर बाबांच्या पाठीकडून एक आवाज येतो. आई विचारते, "काय?" बाबा म्हणतात, "काही नाही." मग पुन्हा अंगठा.

आई दर रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, हे चित्रण लावायची. कान जसे कमी होत गेले तसा टीव्हीचा आवाज वाढत गेला. एक काळ असा होता, की बाबांचं "काही नाही" रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जायचं.

एका रविवारी वहिनी वाळलेले कपडे आणायला बाहेरच्या खोलीतून गेल्या. आई टीव्हीसमोर बसली होती. बाबांची पाठ दिसत होती. खोलीत मात्र काहीच आवाज नव्हता. वहिनींना वाटलं टीव्ही बिघडला. जवळ जाऊन बघितलं तर आवाज शून्यावर होता. रिमोट आईच्या मांडीवर होता. तिनेच शून्यावर आणला होता. वाढवूनही काही येत नव्हतं, तर उगाच इस्त्रीवाल्याला कशाला त्रास, असा तिने विचार केला असावा. वहिनी कपडे न आणताच परत आल्या. माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, त्या मूकपट बघतायत." आपल्या आईने आपल्या बापाचा आवाज स्वतःच्या हाताने बंद करावा, हे मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मालिकेचं काम बाजूला सारलं आणि ते चित्रण संगणकावर घेतलं. आईचं बोलणं, पंख्याची घरघर, स्क्रू ताटलीत पडल्याचा आवाज, सगळ्याच्या ओळी झाल्या. अडलं ते त्या एका आवाजाशी. मला बोलावलं, हेडफोन दिले.

"काय आहे हे?"

मी ऐकलं. अर्ध्या क्षणाचा आवाज. "हुं आहे," मी म्हणालो. "बाबा असंच करायचे. कंटाळा आला की."

"म्हणजे 'ग्रंट'."

दादाला बोलावलं. तो म्हणाला, घसा खाकरलाय, बाबांना धुळीचा त्रास होता. मग पुन्हा ऐकून म्हणाला, नाक ओढलं असेल. मग म्हणाला, पंख्याचाही असू शकतो. दादाला गळती कुठून आहे हे सापडायला नेहमीच वेळ लागतो.

वहिनींनी सगळी क्रियापदं समोर मांडली. 'ग्रंट' म्हटलं तर बाबांना बायकोच्या बोलण्याचा कंटाळा आला. 'साय' म्हटलं तर ते संसाराला थकले होते. 'स्कॉफ' म्हटलं तर त्यांनी तिला उडवून लावलं. खाकरले असतील तर प्रश्नच मिटला, त्यांचं लक्षच नव्हतं. आणि 'चकल' म्हटलं तर ते तिच्या विनोदावर मनातल्या मनात हसले. एका जागेवर पाच वेगवेगळी लग्नं बसत होती, आणि आईला यापुढे जे लिहू तेच मिळणार होतं.

त्यात एक अडचण होती. बाबा आपल्या विनोदाला कधी हसले नाहीत, ही आईची आयुष्यभराची तक्रार. ती आलेल्या-गेलेल्याला सांगायची. "अख्खा वर्ग हसायचा, हे मात्र पंखा दुरुस्त करायचे." सांगताना ती स्वतः हसायची, पण मी मुलगा आहे, मला कळायचं की ते हसू पुरतं खरं नाही.

"मग 'चकल' लिहून टाका," मी वहिनींना म्हणालो. "आईला बरं वाटेल."

वहिनी चिडल्या. मी त्यांना क्वचितच चिडलेलं पाहिलंय. "बरं वाटायला लिहू? मग त्यांनी माझ्यावर विश्वास कशाला ठेवायचा?" त्यांनी मला खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी जेवायला बाहेर आल्या तेव्हा कानांवर हेडफोनचे वळ होते. काय लिहिलं ते सांगितलं नाही.

रविवारी जेवणं झाली. आई नेहमीच्या जागी बसली. या वेळी आम्ही तिघंही जाऊन बसलो, तेव्हाच तिला शंका आली. चित्रण सुरू झालं. अंगठा सरकला. पंख्याची घरघर इंग्रजीत उमटली तशी आई जरा पुढे सरकली. तिचं स्वतःचं वाक्य खाली आलं, ते तिने ओठ हलवत वाचलं. मग बाबांची पाठ, आणि पाठीखाली एकच शब्द. 'चकल्स'.

आईने चित्र थांबवलं.

"चूक," ती म्हणाली.

वहिनी तिच्यासमोर जाऊन बसल्या. "चूक नाही, आई."

"हे हसत नसत. मला माहीत नाही का? घसा खाकरायचे. तू माझी कीव करतेस. नापास पोराला पाच मार्क वाढवून द्यावेत तसं करतेस." आईचा आवाज चढला. तो किती चढला हे तिला कळत नव्हतं. "मालिकेत काय वाट्टेल ते लिही. यांच्याखाली लिहू नकोस."

"मी ऐकलं ते लिहिलं."

"मी जन्मभर ऐकलंय!"

मी दादाकडे पाहिलं, दादाने पंख्याकडे पाहिलं. आईला खोडून काढायचं असेल तर एकच मार्ग होता, तो आवाज स्वतः ऐकून दाखवायचा. हे आम्हाला कळत होतं तसं तिलाही कळत होतं. ती थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली. पाठीवरून काही ठरवता येत नाही. पाठ हसते आहे की खाकरते आहे, हे आईलासुद्धा सांगता येईना.

"मला ऐकू येत नाही," आई म्हणाली.

आम्हाला हे वर्षानुवर्षं माहीत होतं. तिच्या तोंडून मात्र ते पहिल्यांदाच आलं.

"ते यंत्र आणा," ती म्हणाली. "हिला दाखवते."

दादा धावला. यंत्र आलं, वहिनींनी ते तिच्या कानात नीट बसवलं, केस वरून सारखे केले. टीव्हीचा आवाज शून्यावरून वर नेला. चित्रण पहिल्यापासून लावलं. पंखा घरघरताच आई दचकली. मग मान तिरकी करून ऐकत राहिली. संपलं. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले. सगळं बघून ठरवणारी माझी आई टीव्हीसमोर डोळे मिटून बसली होती.

चित्रण संपलं तेव्हा तिने डोळे उघडले.

"हा यांचा आवाज नाही," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, अगदी साधेपणाने. "पत्र्यातून आल्यासारखा आहे. कुणाचाही असेल."

दादा म्हणाला, "आई, यंत्राचं सेटिंग बदलून आणतो." वहिनींनी त्याला हातानेच गप्प केलं. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता जे बोलले होते, ते त्या खोलीत आम्हा सगळ्यांना आठवत होतं. आईलाही आठवत असणार, कारण तिने ते मोठ्या अक्षरांत वाचलं होतं. उशीर झाला होता.

आई वहिनींना म्हणाली, "तू म्हणतेस हसले."

"हो."

"नक्की?"

"आई, मी बाबांना कधी भेटले नाही. ते कसे होते, तुमच्याशी कसे वागायचे, मला काही ठाऊक नाही. मला फक्त हा आवाज ठाऊक आहे. तो हसण्याचा आहे. दाबलेला आहे, पण हसण्याचाच आहे. खाकरण्यात श्वास अडतो, इथे तो सुटलाय."

आईने हे सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माझी मान त्या पेपरात होती. मला वाटलं खाकरले. म्हणून विचारलं, काय. तर म्हणाले, काही नाही." तिने मांडीवरचा रिमोट बाजूला ठेवला. "मी वर बघायला हवं होतं गं."

पडद्यावर दादाचा अंगठा होता.

"राहू दे तू लिहिलंस तसंच," आई वहिनींना म्हणाली. "यांचा आवाज मी घालवला. आता तुझ्या कानांना जे ऐकू आलं, ते माझं."

वहिनींना वाटलं संपलं, म्हणून त्या यंत्र काढायला पुढे झाल्या. आईने त्यांचा हात धरला आणि टीव्हीकडे पाठ करून पूर्ण त्यांच्याकडे वळली.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोल. किती वर्षं झाली तुला या घरात येऊन, मला तुझा आवाज आठवत नाही. तोही घालवून बसायचं का मी?"

वहिनींनी तोंड उघडलं. दिवसभर जगाच्या आवाजांना शब्द पुरवणारी ही बाई, पण त्यांना एक शब्द सापडेना. डोळ्यांतून नुसतं पाणी यायला लागलं.

"रडू नकोस," आई म्हणाली. "रडलेलं मला दिसतं. तू बोल."

वहिनींनी मनगटाने डोळे पुसले. घसा साफ केला. मग रोजच्याच आवाजात, जरासुद्धा न वाढवता, त्यांनी विचारलं, "चहा टाकू?"

"टाक," आई म्हणाली. "आणि ओरडतेस कशाला? येतंय ऐकू."